तीनशे दोनचा खोका

इमारतीत कुणाकडे नवा टीव्ही किंवा वॉशिंग मशीन आलं की तीनशे दोनच्या वहिनी वस्तूआधी खोका बघायच्या. फणस पिकला का हे बघावं तशी पुठ्ठ्यावर बोटांनी टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "खोका टाकू नका हं. वस्तू आपली असते, घराचं काय सांगावं?"

ज्यांचं घर स्वतःचं, ते हसायचे. भाडेकरू हसायचे नाहीत. ते मुकाट्याने खोका माळ्यावर ढकलायचे.

तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल, जे आल्या दिवसापासून निघायच्या तयारीत दिसतं. बघा आठवून.

मनवेलपाड्यातल्या आमच्या इमारतीची मी सेक्रेटरी. यादी केल्याशिवाय मी भाजीलासुद्धा बाहेर पडत नाही. वहिनी राहायला आल्या तेव्हा त्यांच्या नावापुढे तीन नोंदी होत्या: करार, पोलीस पडताळणी, फोन नंबर. आठवड्याभरात चौथी घालावी लागली: गच्चीच्या जिन्यावर खोके. फ्रिजचा, टीव्हीचा, वॉशिंग मशीनचा. आत थर्माकोलचे तुकडे, प्रत्येकावर पेनने लिहिलेलं: वर, खाली, डावीकडे.

"वहिनी, जिना सगळ्यांचा आहे. हे घरात ठेवा."

"घरात खोके ठेवले तर आम्ही कुठं ऱ्हायचं, सेक्रेटरीताई? खोक्यात?"

त्या खाडीकडच्या गावातल्या. वाटण्या झाल्या, घर दिरांकडे गेलं, आणि ही दोघं नवराबायको अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर फिरू लागली. मिस्टर गोदामात कामाला, शांत माणूस. वहिनींचा पाय मात्र एका जागी ठरत नसे. माझ्याकडे चहाला आल्या तरी खुर्चीच्या कडेवर बसायच्या, कप हातात घेऊन खिडकीपाशी जायच्या, परत यायच्या. मला बघूनच दम लागायचा.

त्यांच्या घरात त्यांनी एकही खिळा ठोकला नव्हता. आधीच्या भाडेकरूने मारलेला एकच खिळा होता, तोही कमरेच्या उंचीवर, कशासाठी कोण जाणे. त्याला त्यांनी घड्याळ लावलं होतं. वेळ बघायला वाकावं लागायचं.

"जरा वर लावा की," मी म्हटलं.

"दुसऱ्याच्या भिंतीला भोक कशाला? जाताना बुजवायचं कोनी?"

एकदा मात्र त्या खुर्चीत नीट टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "आपल्या घरात गेले ना, की पहिला तो फ्रिजचा खोका फोडनार. विळीनं. माझ्या हातानं."

"आणि पूजा?"

"पूजा भटजी करील. खोका मी."

त्यानंतर काही महिन्यांनी सभेत ठरलं, पावसाआधी जिना मोकळा करायचा. मी फलकावर सूचना लावली, ग्रुपवर टाकली, दोनदा आठवण करून दिली. शेवटची तारीख रविवार. वहिनी त्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. मी एक फोन केला, लागला नाही. दुसरा केला नाही. यादीत सातव्या क्रमांकावर होतं, 'तीनशे दोनचे खोके, भंगार'. आणि यादीतलं काम राहिलं की मला जेवण गोड लागत नाही.

भंगारवाला फ्रिजचा खोका चपटा करत होता तेव्हा झाकणाची आतली बाजू वर आली. तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मी वाचलं.

'नालासोपारा. दार अरुंद. उभाच नेला.'

'विरार पश्चिम. तळमजला. पानी शिरतं. इटांवर ठेवला.'

'नालासोपारा परत. मालकाचा मुलगा आला, मधेच निघालो.'

अशा सात ओळी. शेवटची आमच्या इमारतीची: 'मनवेलपाडा. जिना रुंद. सेक्रेटरी कडक पन बाई बरी.'

मला कळलं, ही यादी आहे. माझ्यापेक्षा व्यवस्थित. मला हसू आलं, बरंही वाटलं. आणि तरी मी 'थांब' म्हटलं नाही. भंगारवाल्याने सुतळी बांधली, हातगाडी गेली, मी सातव्या क्रमांकापुढे खूण केली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

वहिनी बुधवारी आल्या. बॅग घरात ठेवायच्या आधी जिना चढून वर गेल्या, तशाच खाली आल्या. मी भांडणाची तयारी करून दार उघडलं, सूचनेचा कागद हातात होता. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही.

"घर मिळालं, ताई," त्या म्हणाल्या. "आगाशीच्या पुढं. भाड्याचं नाय. तेच सांगनार होते." मग दाराच्या चौकटीवर दोन बोटांनी टकटक केली. "तो मी फोडनार होते."

मी कागद घडी घालून ठेवून दिला. त्या रात्रीच्या यादीत एकच काम होतं.

पुढचे चार दिवस मी दुकानं पालथी घातली. "फ्रिज नको, खोका हवा," म्हटलं की दुकानदार माझ्याकडे संशयाने बघायचे. शेवटी आगाशीच्या बाजारात एकाने दिला. मी तो रिक्षाच्या टपावर बांधून आणला आणि तीनशे दोनच्या दारात उभा केला.

वहिनी त्याच्याभोवती फिरल्या. टकटक केली. "अहो, हा दोन दारांच्या फ्रिजचा. आमचा यात नाचंल."

"गोधड्या भरू."

त्या खळखळून हसल्या. मग आम्ही दोघींनी मिळून गोधड्या भरल्या. टेम्पो निघाला तेव्हा वहिनी मागे खोक्याला पाठ लावून उभ्या होत्या, बसल्या नाहीत.

महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेले. वाडीलगतची नवी इमारत, खिडकीत केळीची पानं. फ्रिज जागेवर, आणि खोका दारामागे घडी घालून उभा. घड्याळ फ्रिजवर, भिंतीला टेकवून.

"तुमच्यासमोरच फोडायचा म्हनून थांबले," म्हणत त्यांनी विळी आणली. खोका आडवा केला. पातं पुठ्ठ्याला लावलं. मग विळी बाजूला ठेवली, उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या.

"अकरा महिने होऊन जाऊ देत."

"वहिनी, इथे करार नाही. घर तुमचं आहे."

"मला म्हाईत हाय. पायांना नाय म्हाईत."

खोका परत दारामागे गेला. मी घरी येऊन महिने मोजले आणि तारीख यादीत टाकली: 'वहिनी, खोका'. ती नोंद मला तोवर टोचत राहिली. पान संपलं की पुढच्या पानावर उतरवून घ्यायची, पुन्हा पुढच्या. मधल्या काळात माझा नवा टीव्ही आला. घर माझं, मालकीचं. तरी त्याचा खोका पलंगाखाली आहे.

तारीख आली त्या सकाळी मी फोन लावला.

"वहिनी, फोडलात का?"

"काय?"

"खोका."

"कुठला खोका?"

"फ्रिजचा. दारामागचा."

"अगो बाई, तो!" त्या म्हणाल्या. "तो गेला की. खालच्या मजल्यावरची भाडेकरू निघाली होती, तिच्या फ्रिजला खोका नव्हता. झाकनावर लिवून दिलंय तिला, उभाच न्यायचा म्हनून."

"पण तुम्ही फोडणार होता ना? विळीने?"

"ऱ्हाऊनच गेलं बघा."

त्यांच्या मागे ठोकल्याचा आवाज येत होता. "काय चाललंय?" मी विचारलं.

"घड्याळ लावताहेत मिस्टर. थांबा हं." त्या फोन खाली न ठेवताच मागे वळून ओरडल्या, "वर! अजून वर घ्या ना! वाकून कोन बघनार?"

मग बराच वेळ त्या फोनवर आल्याच नाहीत. मी नुसतं ठोकणं ऐकत राहिले.