वाढलं आम्ही, सर्व्हिस चार्ज तुमचा?

खुटबाव सोडलं त्या दिवशी दारात जीप उभी होती आणि आई माझ्या बॅगेत शेंगदाण्याच्या चटणीची आणखी एक पिशवी कोंबत होती. बॅग आधीच वजनाला जास्त झालेली. आप्पा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून बुटाची नाडी बांधत होते आणि ती काही केल्या बांधून होत नव्हती. जीप सुरू झाल्यावर त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं. "अभ्यास कर. आन् कुणापुढं हात पसरू नको. लागंल ते कळव, उसाचं बिल आलं की पाठवतो." धाकटी बहीण प्राजू तेव्हा शाळकरी पोर होती. ती जीपमागं कॅनॉलपर्यंत पळत आली. मी वळून बघितलंच नाही, कारण बघितलं असतं तर उतरलेच असते.

तुमच्यातले जे बाहेर पडले, मग ते पुण्याला जावोत नाहीतर दुबईला, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि जे गावात राहिले त्यांनी असल्या जीपा किती वाटेला लावल्या असतील! पण निघताना घरच्यानं टाकलेलं वाक्य परक्या मुलखात केवढं जड होतं, ते गेलेल्यालाच कळतं. टोरांटोच्या थंडीत माझं जॅकेट हलकं होतं आणि ते वाक्य जड.

फी भरून हातात काही उरेना, तेव्हा मी कॉलेजजवळच्या एका रेस्टॉरंटमध्ये लागले. टेबलं पुसायची, ट्रे उचलायचे, पाय दुखत असले तरी हसायचं. पगार बेताचाच, खरी कमाई टिपची. फोनवर मी हे आप्पांना सांगितलं. तर ते म्हणाले, "लोकांची उष्टी काढायला धाडलं व्हय तुला तिकडं?" टिप म्हणजे काय ते समजावलं, तर त्यांनी फोन आईच्या हातात दिला. त्यांच्या लेखी ते हात पसरणंच होतं. गावात त्यांनी सांगून टाकलं, पोरगी कॉलेजातच कामाला हाय. आईनंही त्यालाच मान डोलावली.

मला मात्र त्या कामाचा पहिल्यापासून अभिमान होता आणि आजही आहे, खोटं कशाला बोलू? तिथं आठ-दहा जणांचा घोळका जेवायला आला की टिप आपोआप बिलात लागायची. एवढ्या माणसांना वाढायचं म्हणजे एका वेटरची सगळी संध्याकाळ त्याच टेबलात जाते, म्हणून तो नियम. पण आमची मालकीण, मूळची जालंधरची, भारी खमकी बाई. ती सांगायची, वाढण्यात चूक झाली तर गिऱ्हाइकानं बोलवायची वाट बघायची नाही, आपण आधी जायचं. एकदा वाढदिवसाची मोठी पार्टी होती आणि किचन कोलमडलं होतं. ज्या म्हाताऱ्याचा वाढदिवस, त्याचंच ताट सगळ्यात शेवटी आलं, तेही गार. मी स्वतःहून त्यांच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, आज तुम्हाला नीट वाढलं गेलं नाही, ही टिप मी बिलातून काढून टाकते. त्या दिवसाची माझी कमाई गेली. घरी येऊन रडले, पण दुसऱ्या दिवशी कामावर ताठ मानेनं गेले.

आता माझं काम ऑफिसातलं. खुर्ची, कॉम्प्युटर, मीटिंगा. तरी रेस्टॉरंटात शिरले की आधी डोळे वेटरच्या पायांकडं जातात, बिचारा किती दमलाय ते बघायला. माझा नवरा हसतो. हसू दे.

तर गेल्या हिवाळ्यात प्राजूचं लग्न ठरलं म्हणून मी सुट्टी काढून आले. मुलगा शिरूरचा, नोकरी सणसवाडीच्या कंपनीत. सुपारी फुटायच्या दिवशी दोन्हीकडची मंडळी आधी वढूला समाधीच्या दर्शनाला गेली आणि मग सणसवाडीला हायवेवरच्या एका नव्या एसी हॉटेलात जेवायला. मी लहानपणी या रस्त्यानं जायची तेव्हा दोन्ही बाजूंना ज्वारी होती. आता कंपन्यांची गेटं, भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या, आणि पानटपरीवर मराठीपेक्षा हिंदीच जास्त. आप्पांनी आधीच बजावलं होतं, "जेवान आपल्याकडनं. सोयऱ्यांपुढं काय कमी पडता कामा न्हाई."

आणि तिथं नेमकं सगळंच कमी पडलं. शेजारच्या हॉलमध्ये कुठल्यातरी कंपनीची पार्टी चालू होती आणि दोन्ही हॉल मिळून वेटर दोनच. पाणी मागून मागून घसा कोरडा पडला. निम्म्या सोयऱ्यांपुढं थाळी आली, निम्म्यांपुढं नुसती ताटं. मासवडी आली तर रस्सा नाही, रस्सा आला तर भाकरी नाही. मुलाची म्हातारी आत्या रिकाम्या ताटाकडं बघत बसलेली. मुलाचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणतात, वरवर गप्पा मारत होते, पण नजर आत्याच्या ताटावर. आमच्या आप्पांचं तर तोंडच उतरलं.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. कार्यात मुलीकडच्यांनी वाढायचं, पाहुणे हात धुईपर्यंत आपण घास घ्यायचा नाही. आमच्या भावकीत कुणाचंही लग्न असो, पंगत आप्पांच्या ताब्यात. ते उठले, बाह्या सारल्या आणि तडक हॉटेलच्या भटारखान्यात शिरले. "ओ साहेब, इधर नहीं आने का!" असं आतून कुणीतरी ओरडलं. पण आप्पा भाकरीची टोपली काखोटीला मारून बाहेर आलेसुद्धा. मग आईनं रश्श्याची बादली उचलली, चुलतभावानं ताक, आणि मी मासवडीचं ताट. अहो, त्या एसी हॉलमध्ये, झुंबराखाली, खुटबावची पंगत बसली! "घ्या पाव्हणं, एकच." "आत्याबाई, ठेचा वाढू का?" "आवो तात्या, लाजताय काय, घरचंच हाय." मी चार टेबलं एका चक्करात उरकत होते, आणि अंगात जुनी सवय अशी सळसळली की काय सांगू. पाहुणे पोट धरून हसत होते आणि पोटभर जेवत होते. मला आप्पांकडं बघून भरून आलं. ह्या माणसाची मी मुलगी, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

पाहुण्यांनी हात धुतले. आम्ही अजून घासही खाल्ला नव्हता, आणि बिल आलं. खाली ठळक अक्षरात सर्व्हिस चार्ज, दहा टक्के, मोठ्या ग्रुपसाठी.

आप्पांनी बंडीतून पैसे काढले होते. मी म्हटलं, "आप्पा, थांबा जरा. वाढलं आपण आणि सर्व्हिस ह्यांची?" त्यांनी डोळे वटारले. "मने, गप. सोयरीक आजच जुळलीया. शोभा करू नको." मला त्यांचं कळत होतं. दहा टक्क्यांसाठी आमची परदेशातली पोरगी हुज्जत घालते, असं शिरूरभर झालं असतं तर प्राजूला पहिल्या दिवसापासून ते ऐकावं लागलं असतं. पण वाढलेल्याचा मोबदला न वाढणाऱ्यानं घ्यायचा, हे माझ्यानं गिळवेना. बिल घेऊन मी काउंटरला गेले. आवाज खालीच ठेवायचा हे ठरवून गेले.

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये ग्रुपला आपोआपच लागतो. कंपल्सरी हाय."

"सांगितलं तर काढता येतो, हे तुम्हालाही माहीत आहे. आज आमच्या टेबलाला सर्व्हिस मिळाली का, तेवढं सांगा."

त्यानं लगेच वेटरला हाक मारली. दिनेश नावाचा, पन्नाशीचा, उत्तर प्रदेशातला माणूस घाम पुसत आला. मॅनेजर त्याच्यावरच घसरला, "इसकी वजह से हुआ मॅडम, इसका आज का काट लेता हूँ." मला असा संताप आला! मी म्हटलं, "ह्यांचा एक रुपया कापायचा नाही. दोन माणसांवर दोन पार्ट्या घेतल्या कुणी? तुम्ही. मग चूक कुणाची?"

मी परदेशातून आलेय हे त्याला हॉलमधल्या गप्पांतून कळलं असणार, कारण तो कुत्सित हसला. "तिकडं फॉरेनला तुम्ही लोक गुपचूप वीस-वीस टक्के देता, आन् इथं गावाकडं आलं की कटकट करता."

"मी देत नव्हते, घेत होते," मी म्हणाले, आणि आवाज खाली ठेवायचं विसरलेच. "मी तिथं वेटर होते. टेबलं पुसली, उष्टी ताटं उचलली, टिपवर शिकले. आणि ज्या दिवशी नीट वाढलं नाही त्या दिवशी मी स्वतः बिलातून टिप काढलीय. म्हणून हक्कानं सांगते, हे काढा."

मागं कुणीतरी खाकरलं. वळून बघते तर तात्या! बिल आपण भरायचं म्हणून ते माझ्या मागोमाग आले होते, आणि त्यांच्यामागं त्यांना अडवायला आप्पा. दोघांनी सगळं ऐकलेलं. आप्पा पांढरेफटक पडले. इतकी वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट मी सोयऱ्यांसमोर काउंटरवर मांडली होती.  माझ्या डोळ्यांपुढं प्राजूचा चेहराच आला.

तात्या मॅनेजरला म्हणाले, "काढा तो चार्ज. पोरगी बरूबर बोलतीय." मॅनेजरनं मुकाट्यानं नवं बिल छापलं. आप्पांनी ते भरलं, आणि तात्यांना खिशाला हातही लावू दिला नाही. मग तात्या आप्पांकडं वळले. "आप्पा, तुम्ही कोणी जेवलाच न्हाई की अजून! चला, बसा. आता आम्ही वाढतो."

"छ्या, छ्या! मुलाकडच्यांनी कुठं वाढायचं असतंय व्हय?"

"तुमच्या पोरीनं साता समुद्रापल्याड परक्यांना वाढलं, आन् आम्ही सोयऱ्यांना वाढाया लाजायचं? बसा म्हंतो ना."

आणि खरंच बसवलं हो त्यांनी. नवरा मुलगा भाकरी घेऊन आला, तात्या रस्सा घेऊन. ती म्हातारी आत्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "भाकरी चुरून घे गं, दमलीस." प्राजू माझ्याशेजारी बसून डोळे पुसत हसत होती.

तुम्ही विचाराल, एवढी वर्षं झाली, आता घर कुठलं? टोरांटोला माझं घर आहे, त्याचे हप्ते मी भरते, ते मला आवडतं. खुटबावलाही आहे. पण इतकी वर्षं मी दोन्हीकडं अर्धीच होते. तिकडच्यांना पंगत ठाऊक नाही, आणि इकडच्यांना माझा ट्रे ठाऊक नव्हता. त्या दुपारी मी पहिल्यांदा एका जागी अख्खी जेवायला बसले. माझ्यापुरतं घर म्हणजे आता तेच.

आप्पा मात्र ताटावर बसेनात. हॉलच्या दाराशी दिनेश आणि त्याचा जोडीदार आमचं उरकायची वाट बघत उभे होते, सकाळपासून उपाशी. आप्पांनी दोघांना हाताला धरून आणलं आणि माझ्या समोरच्या खुर्च्यांवर बसवलं. दिनेश संकोचून उठायला लागला, तसा त्याच्या खांद्यावर हात दाबून आप्पा सगळ्या सोयऱ्यांना ऐकू जाईल असं, त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "अरे बैठो, शरमाता कायकू? ये मेरी बडी बेटी है. तुम्हारेच लाईन की है."