दोन कार्ब्युरेटर आणि घाण्याचं तेल

माझ्या नवऱ्याला ऐकू कमी येतं, हे आमच्या इमारतीत एक माणूस सोडून सगळ्यांना माहीत होतं. तो एक माणूस म्हणजे अर्थातच आमचे हे. त्यांच्या मते हल्ली लोक पुटपुटतात. बातम्या देणारी पुटपुटते, दारावरची बेल पुटपुटते, आणि मी तर लग्न झाल्यापासून पुटपुटतेच आहे. कान तपासून घ्या म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं. "माझ्या कानांना काय धाड भरलीय? मी कार्ब्युरेटर कानाने जुळवतो."

एके काळी ते खरंही होतं. आमची मोटारसायकल जुनी, दोन सिलिंडरची आणि दोन कार्ब्युरेटरची. दोघांनी सारखी हवा ओढली तर गाडी गुणाची. एकाने जास्त ओढली की ती थरथरत, कुरकुरत चालते. रविवारी सकाळी वारज्यातल्या आमच्या पार्किंगमध्ये हे स्टूल टाकून बसायचे. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. डावीकडचं ऐकायचं, उजवीकडचं ऐकायचं, मग स्क्रू केसभर फिरवायचा. मी चहा घेऊन खाली जायचे ती त्यांचा चेहरा बघायला. इतकं मन लावून त्यांनी माझं कधी ऐकलेलं नाही.

यंदा मात्र गाडी काही जुळेना. मागे बसलं की माझे दात वाजायचे. हे म्हणायचे, रस्ते वाईट आहेत. रस्ते वाईट आहेतच, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. मग एकदा धायरीला बहिणीकडे जाताना मागून बस हॉर्नवर हॉर्न देत आली, आणि हे शांतपणे तिच्या समोरून उजवीकडे वळले. बसवाला काय बोलला ते मी इथे लिहीत नाही. यांना तेही ऐकू आलं नाही. मी फार घाबरले होते. घरी आल्यावर पायातल्या चपला काढायच्या आधी मी पैज लावली.

"तुम्ही कानाने जुळवा. मी पातळीची नळी लावून तपासते. जुळली असेल तर कानांचा विषय जन्मात काढणार नाही. नसेल तर मुकाट्याने डॉक्टरांकडे यायचं."

"मान्य," हे म्हणाले. "आणि हे सगळं मला नीट ऐकू आलं, बरं का."

निवृत्त होईपर्यंत मी शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा नळीचं माझ्यावर सोपवायला त्यांची हरकत नव्हती. बाथरूमच्या फरशा बसवताना गवंड्याने पातळी बघायची पारदर्शक नळी मागे ठेवली होती. ती मी यू आकारात फळीवर बांधली. दोन टोकं दोन कार्ब्युरेटरना जोडायची, आणि जो जास्त ओढेल त्याच्या बाजूला आतला द्रव वर चढणार. पाणी चुकून इंजिनात गेलं तर उगाच माझ्या नावाने शंख होईल, म्हणून मी तेल घातलं. घरात घाण्याचं शेंगदाण्याचं होतं.

"एवढं भारी तेल गाडीला?" हे म्हणाले. "मला भाजीत चमचाभर घालताना तुझा हात थरथरतो."

रविवारी हे बसले. नळी उजव्या कानाला लावली, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. स्क्रू फिरवला, होता तिथे परत आणला. न शिकवलेला प्रश्न पेपरात आल्यावर वर्गातली हुशार पोरं जसं बघायची, तसं ते त्या कार्ब्युरेटरकडे बघत होते. मला एकदम वाटलं, जुळू दे बाई. पैज गेली खड्ड्यात.

"झालं," ते म्हणाले.

मी माझी नळी जोडली. एका बाजूला तेल चांगलं वीतभर वर चढलं. आम्ही दोघांनी ते पाहिलं.

"तुझी फळी तिरकी आहे."

"पातळीला फळीशी काही देणंघेणं नसतं. सातवीच्या पुस्तकात आहे."

"मग तेल जाड आहे. थांब, जरा रेस करतो, येईल खाली."

मी थांबा, थांबा म्हणत होते. त्यांना ऐकू आलं नाही की त्यांनी ऐकलं नाही, हा आमच्या संसारातला जुनाच प्रश्न. त्यांनी मूठ पिळली. नळीतलं सगळं तेल सर्रकन इंजिनात गेलं. गाडी खोकली, पांढरा धूर सोडला आणि बंद पडली. पार्किंगभर तापल्या कढईचा वास सुटला.

दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी गॅलरीत आले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, सगळ्या इमारतीवर नजर ठेवून असतात.

"काय हो, भजी तळताय का? गाडी बिघडलेली ऐकू येत नाही, ते समजू शकतो. वास तरी येतो ना?"

यांना फक्त त्यांचे ओठ हलताना दिसले. "काय म्हणाले?" त्यांनी मला विचारलं.

पैज मी जिंकले होते. जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं असतं, तर पुढे काही बोलावंही लागलं नसतं. माझ्याच्याने ते होईना.

"म्हणाले, जुनी गाडी, पण आवाज अजून छान आहे."

हे फडक्याला हात पुसत राहिले. बोटं स्वच्छ झाली तरी पुसत राहिले.

"हा माणूस गणपतीची आरास बघून 'ठीक आहे' म्हणतो," ते म्हणाले. "तो माझ्या गाडीला छान म्हणाला?"

मी फळीवरची रिकामी नळी सोडवायला लागले.

"ऐकू येत नाही हे मी लपवत होतो, तोवर चालत होतं," ते म्हणाले. "आता तूही लपवायला लागलीस. घे त्या डॉक्टरांची वेळ."

मी हो म्हटलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग मी मोठ्याने हो म्हटलं.