आत्याचा रकाना

एका संगणकाच्या आत दुसरा, निव्वळ आभासी संगणक चालवता येतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मेमरी किती, डिस्कची फाइल कोणती, घड्याळ कुठलं, हे सगळं त्याच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेलं असतं. ही फाइल लिहायची प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. एका तऱ्हेतली फाइल दुसऱ्या तऱ्हेत उतरवायची, हे माझं पोटापाण्याचं काम. ते मी डोळे मिटून करते, असा माझा तोरा होता.

तो तोरा मागच्या हिवाळ्यात आमच्याच सोनागिरीच्या घरी उतरला.

बाबा कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत होते. त्यांचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम इतका जुना, की नव्या लॅपटॉपवर चालेचना. म्हणून सात वर्षांपूर्वी मी त्यांना असलंच एक मशीन करून दिलं होतं. आता तो लॅपटॉपही शेवटच्या घटका मोजत होता आणि छापखान्याला पानं आठ दिवसांत हवी होती. मी सगळ्याची प्रत माझ्या लॅपटॉपवर घेतली आणि ती फाइल नव्या तऱ्हेत उतरवायला बसले. डिस्कच्या नावाला पाच शून्यं आणि एक असं शेपूट होतं. कसला हा गबाळेपणा, म्हणून मी ते छाटून टाकलं.

मशीन सुरू झालं. बाबांनी चष्मा लावला आणि ते ओरडलेच, "अगं, माझी पानं कुठे गेली?"

चारशे पानांची साठच उरली होती. मग आठवलं, मशीन दिल्यावर थोड्याच दिवसांनी मीच त्याचा स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता, म्हणजे त्या क्षणाची डिस्क जशीच्या तशी गोठवून ठेवली होती. त्यानंतरचं सगळं लिखाण त्या शेपटाच्या फाइलीत होतं. मी सात वर्षांपूर्वीची डिस्क उघडून बसले होते. "काही गेलेलं नाही, थांबा," म्हणत मी मशीन बंद करणार, तेवढ्यात समोरच्या पानावर नजर गेली.

आजोबांच्या नावाखाली बाबा आणि बाबांच्या खाली आजोबांचीच एक कन्या. माझी आत्या. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं, हयात. त्यापुढे आमच्याच शहरातल्या अशोका गार्डन वस्तीचा पत्ता.

लहानपणी आत्याबद्दल विचारलं की बाबा एवढंच म्हणायचे, "ती गेली." मग भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो कसा नाही, याचं मला नवल वाटायचं. आणि त्याच अशोका गार्डनमध्ये मी दोन वर्षं गणिताच्या क्लासला जात होते!

"बाबा, आत्या गेली होती ना?"

"गेलीच होती. घरातून." ते पडद्याकडेच बघत होते. "आजोबांना जावई पसंत नव्हता. वारली असं मी कधी म्हटलं?"

"शब्दांचा कीस पाडू नका! मी जन्मभर तिला मेलेली समजतेय."

मी इतकी भडकले होते, की माझा आवाज मलाच ओळखू येईना. मग बाबांनी सांगितलं. सात वर्षांपूर्वी ती इथल्याच हबीबगंज स्टेशनवर अचानक भेटली होती. तिने पत्ता दिला, घरी ये म्हणाली. त्यांनी त्याच दिवशी तिचं नाव लिहिलं. पुढे पुण्याच्या भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा काढून टाकलं. नाव काढल्यावर तिच्या दारात कुठल्या तोंडाने जायचं, म्हणून गेलेच नाहीत.

मी मशीन बंद केलं, जुन्या लॅपटॉपवरून डिस्कची पुन्हा प्रत घेतली आणि फाइलीत ते शेपूट परत जोडलं. मशीन आजच्या दिवसावर आलं. चारशे पानं जागच्या जागी होती आणि आत्या नव्हती.

"पुण्याला काय वाटायचं ते वाटू दे," बाबा म्हणाले. "सरक जरा."

एका बोटाने त्यांनी बहिणीचं नाव लिहिलं. मधला रकाना सोडून पत्ता लिहिला, तो त्यांना तोंडपाठ होता. मग ते मागे त्या रिकाम्या रकान्याशी आले. तिथे दोनच शब्द चालतात, हयात किंवा दिवंगत. त्यांचं बोट कीबोर्डवर अधांतरी थांबलं. सात वर्षांत तिची काहीच खबरबात नव्हती.

"काय लिहू गं?" त्यांनी मला विचारलं.

अशोका गार्डन आमच्या घरापासून स्कूटरने वीस मिनिटांवर आहे.