टेकडीला धोका कोणाचा?

"तुम्ही मागे सतरंजीवर बसा. खुर्च्या सभासदांसाठी आहेत."

कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये बाईंनी मला हे सांगितलं. त्यांच्याकडे मी धुणीभांडी करायचे. सभेला त्यांनीच बोलावलं होतं. "वस्तीतल्या बायका घेऊन ये. गर्दी दिसली पाहिजे."

सभा टेकडी वाचवण्यासाठी होती. टेकडी सरकारी. तिच्यावरून रस्ता काढायचा घाट घातला होता. रस्ता आला की मागोमाग बिल्डर येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आमची वस्ती टेकडीच्या पायथ्याला. एका खोलीत सात माणसं. मी दहावीचा अभ्यास टेकडीवर केला. आईचा दमा तिथल्या हवेत जरा निवायचा. आम्हाला दुसरी खोली नव्हती, टेकडी होती. म्हणून मी मनापासून गेले. आईलाही नेलं.

एक निवृत्त प्राध्यापक बोलायला उठले.

"टेकडीला दोन धोके आहेत. एक रस्ता. दुसरा, पायथ्याची झोपडपट्टी."

टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या. आणि माझ्या शेजारी आईनेही वाजवल्या. तिला भाषण नीट ऐकू आलं नव्हतं. सगळे वाजवतात म्हणून तीही वाजवत होती. हसत.

मी तिचे हात धरले. घट्ट. ती माझ्याकडे बघत राहिली. आणि मी उभी राहिले.

"आम्ही धोका, तर आम्हाला बोलावलं कशाला?"

प्राध्यापक म्हणाले, "अहो, हा व्यापक विषय आहे. आपल्याला नाही कळायचा."

बाई मागे वळून म्हणाल्या, "खाली बस. तुला कोणी विचारलंय?"

बसले नाही. आईला उठवलं. आमच्या सगळ्या बायका उठल्या. दुसऱ्या दिवशी कामाला गेले, तर बाईंनी मला दारातूनच परत पाठवलं. "आता भाषणं करा. भांडी कशाला घासता?"

त्यानंतर आम्ही वस्तीतच सभा घेतली. रस्ता खणायचं मशीन आलं की कामं टाकून टेकडीवर जायचं, असं ठरलं. मशीन आलं. आम्ही चढलो आणि त्याच्यापुढे बसलो. पोलिसांनी ओढलं, शिव्या दिल्या. आम्ही हललो नाही. सोसायटीची माणसं नंतर आली. बॅनर घेऊन. दुपारी मशीन परत गेलं. पेपरात फोटो आला. जागरूक नागरिकांनी टेकडी वाचवली म्हणे. फोटोत बॅनर होतं. आम्ही नव्हतो.

रस्ता रद्द झाला. मग त्याच नागरिकांनी नवी मागणी केली. टेकडीला संरक्षण हवं. सोसायटीच्या बाजूला फाटक. वस्तीच्या बाजूला भिंत.

महापालिकेच्या सुनावणीला मी गेले. साहेबांनी विचारलं, "आपण कोणत्या संस्थेच्या?"

"कुठल्याच नाही. पायथ्याला राहते. मशीनपुढे बसले होते. टेकडी सगळ्यांची आहे. भिंत घालून तुम्ही ती निम्म्यांची करताय."

साहेबांनी नुसती मान हलवली. निकाल अजून लागलेला नाही. पण त्यांची मान मला ओळखता येते. भिंत येणार.

माझा भाऊ गवंडी आहे. अशी कामं आमच्याच वस्तीतल्या माणसांना मिळतात. त्याला मी सांगून ठेवलंय.

"तू पाया खणायला आलास, तर खड्ड्यात मी बसलेली असेन. माती टाकायची का ते तू ठरव."