दिनाभाऊ गाडीतून उतरले

पेणहून नागोठण्याकडे निघालं की हायवेला गडब लागतं. तिथल्या दुकानांपुढे एक पांढरी अर्टिगा उभी असते आणि तिच्या आसपास कुठेतरी दिनानाथ मोकल असतात. सगळा गाव त्यांना दिनाभाऊ म्हणतो. पेणपासून रोह्यापर्यंत कुणाला विमानतळावर जायचं असो, नाहीतर धाटावच्या कंपनीतल्या एखाद्या साहेबाला आपल्या म्हाताऱ्या आईला पालीच्या गणपतीला न्यायचं असो, लोक गाडी सांगत नाहीत, दिनाभाऊ सांगतात. ते मोकळे नसले तर जाणंच पुढे ढकलतात. लग्नाची तारीख तेवढी ढकलता येत नाही, त्यामुळे लग्नसराईत दिनाभाऊंची फार ओढाताण होते.

तसं पाहिलं तर गाडी कोणीही चालवतं. पण नवरी सासरी निघाली की दिनाभाऊ गाणी बंद करतात आणि समोरचा आरसा वर फिरवून ठेवतात. मागे पोरीला मनासारखं रडता यावं, ड्रायव्हर बघतोय असं तिला वाटू नये, म्हणून. हे त्यांना कोणी शिकवलं नाही आणि त्यांनीही कधी कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या बायकोला, नूतनला, ते कळलं ते अशाच एका नवरीकडून, तिच्या पहिल्या बाळंतपणानंतर. गाडीत मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचं तर विचारूच नका. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत ते खाली गाडीत बसतात, आणि वर गेलेली मंडळी परत येईपर्यंत दिनाभाऊंनी त्यांना चहा पाजलेला असतो, औषधाची आठवण करून दिलेली असते आणि त्यांच्या सुनेबद्दलच्या सगळ्या तक्रारी ऐकून पोटात घातलेल्या असतात.

एवढ्या गुणांच्या माणसात एक खोट होती. त्यांनी माणसं मुलूखभर फिरवली, पण स्वतः काही म्हणजे काही पाहिलं नव्हतं. रायगड त्यांना ठाऊक होता तो रोपवेच्या पायथ्यापर्यंत. जंजिरा त्यांनी पाहिला तो राजपुरीच्या धक्क्यावरून. कोलाडला नदीत रबरी होड्या सोडून किंचाळणारी पोरं ओलीचिंब होऊन परत येतात आणि सीटवर बसण्याआधी त्यांच्याखाली टॉवेल घालावा लागतो, इतकीच त्यांना त्या नदीची माहिती. गाडी लागली की त्यांचं ठरलेलं, "तुम्ही जाऊन या. मी हाय गाडीजवळ."

बाहेरच्या सवाऱ्यांशी हे ठीक होतं. पण घरच्यांशीही तेच. लग्नानंतर महाबळेश्वरला न्यायचं कबूल केलं होतं, ते दिनाभाऊंनी एका सवारीबरोबर उरकलं. नूतनला पुढच्या सीटवर बसवलं, पेणचं एक कुटुंब मागे. महाबळेश्वरचे सगळे पॉइंट नूतनने गाडीच्या काचेतूनच पाहिले. पुढे मुलगी मनस्वी झाली, ती शाळेत जायला लागली, मामा-मावश्यांबरोबर सहली झाल्या, गाडी घरचीच, आणि तरी दिनाभाऊ गाडीजवळच. मायलेकी वर जायच्या, फोटो काढायच्या, खाली यायच्या. घरातल्या एकाही फोटोत दिनाभाऊ नाहीत.

नूतन काही गप्प बसणारी बाई नव्हे. घरची भातशेती आणि त्यानंतरचा वाल ती बघते, आणि वालाला भाव पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्याला ती असं काही ऐकवते की तो पुढच्या वर्षी आधी घरी चहाला येतो आणि मग भाव बोलतो. पण या एका बाबतीत ती नवऱ्याशी भांडली नाही. कारण तिच्या मनात एक शंका बसली होती आणि ती खरी निघेल याचं तिला भय होतं. ह्यांना सवय झालीय हे लोकांना सांगायला ठीक. मुळात आपल्याबरोबर काही बघावं असं ह्यांना वाटतच नसेल तर? तीस वर्षांच्या संसारात असा प्रश्न विचारायचा तरी कसा?

मग मनस्वीने आईबापांना व्हिएतनामला पाठवलं. नव्या मुंबईत ती नोकरी करते, तिच्या ऑफिसातले दोघे-तिघे जाऊन आले होते. तिने सगळं ठरवून दिलं, त्यात एक दिवस अख्खी गाडी फक्त दोघांसाठी. स्वतंत्र ड्रायव्हर, स्वतंत्र गाइड. सकाळी अमेरिकेशी झालेल्या लढाईतले भुयारी रस्ते बघायचे, दुपारनंतर मेकाँग नदी समुद्राला मिळण्याआधी जिथे फुटून पसरते तिथे होडीतून फिरायचं.

निघण्याआधी नूतनने नवऱ्याला समोर बसवलं. "बाकीचे दिवस तुम्हाला काय करायचं ते करा. हा एक दिवस सकाळपासून सांजेपर्यंत माझ्याबरोबर चालायचं. जिथं मी, तिथं तुम्ही. कबूल?"

"व्हय गो, कबूल," दिनाभाऊ म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले यात संशय नाही.

त्या सकाळी हो ची मिन्ह शहरातल्या हॉटेलपुढे गाडी आली. लान नावाची गाइड खाली उतरली. भारतीय पर्यटकांमुळे तिला कामापुरतं हिंदी येत होतं. तिने मागचं दार उघडून धरलं. दिनाभाऊ मान डोलवत गाडीला वळसा घालून गेले, पुढचं उजवं दार उघडलं, आत बसले आणि समोर हात नेला, तर स्टिअरिंग नाही! त्या देशात स्टिअरिंग डावीकडे असतं. डाव्या सीटवर बसलेला ड्रायव्हर तुआन त्यांच्याकडे बघून हसला. दिनाभाऊही हसले आणि तिथेच बसले. नूतन मागे, लानच्या शेजारी. वाटभर दिनाभाऊंचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. तुआनच्या ते लक्षात आलं तसा तो वळणावर आधीच वेग कमी करून यांच्याकडे बघायला लागला. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती, आणि मागे बसलेल्या नूतनला वाटलं, माझ्याशी ह्यांनी इतक्या गप्पा कधी मारल्या होत्या?

भुयारं होती त्या कू चीला गाडी झाडाखाली लागली. लान तिकिटं घेऊन आली. नूतन फाटकापाशी पोचली आणि शेजारी कोणी नाही. मागे वळून बघते तर ड्रायव्हर लोकांसाठी दोरीच्या झोळ्या टांगल्या होत्या, त्यातल्या एकीत तुआन पडला होता आणि शेजारच्या झोळीत दिनाभाऊ. त्यांनी तिथून हात केला. "जाऊन ये गो. मी हाय इथं."

कबूल केलेलं माणूस विसरला होता. मुद्दाम नाही, हे तिला दिसत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. परक्या देशात तमाशा नको म्हणून ती आत गेली.

त्या जंगलात जमिनीखाली अख्खं गाव होतं. माणसं तिथे राहिली, लढली, जेवली, त्यांना मुलं झाली. पर्यटकांसाठी एक तुकडा थोडा रुंद करून ठेवला होता, तरी त्यात वाकून, मग गुडघ्यांवर जावं लागत होतं. नूतनची कंबर वालाच्या शेतात तयार झालेली, ती सरसर पुढे गेली. लानने तिला खालचं स्वयंपाकघर दाखवलं. चुलीचा धूर दूरवर चर खणून नेलेला, जेणेकरून वरून विमानातल्या माणसाला दिसू नये. चुलीपुढे जन्म गेलेली बाई ती, तिला ते फार आवडलं. "अवो, ही चूल बघा," असं म्हणत ती वळली, तर मागे कुणीतरी गोरा माणूस घामाघूम होऊन तिच्या हलण्याची वाट बघत होता.

पुढे भुयाराच्या एका तोंडापाशी लानने सांगितलं की एक माणूस नेहमी वर पहाऱ्याला असायचा. त्याच्यामुळे खालची माणसं निश्चिंत झोपायची.

"ती लढाई होती," नूतन ताडकन म्हणाली. "इथं पार्किंग हाय."

लानला हे कळलं नाही आणि नूतनने समजावलंही नाही. बाहेर आल्यावर सगळ्यांना उकडलेला कंद आणि दाण्याचं कूट खायला दिलं, लढाईत ते लोक हेच खायचे म्हणून. तिने तो कंद तसाच ठेवून दिला.

झोळीशी ती आली तेव्हा दिनाभाऊ बर्फाची कॉफी पीत होते. "नूतन, ऐक ना," ते उत्साहाने म्हणाले. "हा पोरगा रोज माणसं घेऊन इथं येतो आणि त्यानं भुयार बघितलेलं नाय! मी फाटक दाखवलं, मग त्याच्याकडे बोट केलं, तर हा नुसता हात हलवतो. वल्हं मारून दाखवलं, तरी तसंच, होडीत पण कधी बसला नाय. आपल्यासारखाच!"

"तुमच्यासारखा," नूतन म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

तेव्हा दिनाभाऊंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांचा चेहरा उतरला. पुढचा सगळा रस्ता त्यांनी ब्रेक दाबला नाही. मधे एकदा मागे वळून "चुकलं माझं" म्हणाले. नूतन खिडकीबाहेर बघत राहिली. दोन्हीकडे भातशेती होती, मधे बांध, कडेला नारळ, आणि तिला घरची आठवण येऊन आणखीच वाईट वाटलं.

नदीच्या धक्क्यावर होडी तयार होती. होडी चालवणारी बाई आपली वेताची टोपी सावरत उभी होती. दिनाभाऊ या वेळी उतरून बायकोच्या शेजारी येऊन उभे राहिले. पण नजर तुआनकडे. तो गाडीतच बसून राहिला होता. दिनाभाऊंना राहवेना. त्यांनी लानला विचारलं, यालाही घेऊ या का? लान म्हणाली, होडीत जागा आहे, पण गाडीत सामान आहे, कोणीतरी थांबायला हवं.

"मग मी थां..." एवढं तोंडातून गेलं आणि दिनाभाऊंनी जीभ चावली. त्यांनी नूतनकडे पाहिलं. एकीकडे दिलेला शब्द, दुसरीकडे तो पोरगा. माणूस चांगला असला की त्याची अशी पंचाईत होते, आणि दिनाभाऊ तर भलतेच चांगले.

नूतनला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांच्याबद्दल इतकी माया आली की तिचं तिलाच कळेना. परक्या मुलखातल्या, नाव धड उच्चारता न येणाऱ्या पोरासाठी जीव तुटणारा हा माणूस आपला नवरा आहे, याचा तिला अभिमान वाटला. ती म्हणाली, "मी थांबते. तुम्ही दोघं जा."

"अगो पण..."

"जा म्हटलं ना. भुयार बघितलं मी. तुम्ही काय बघितलंय? जा."

तिने तुआनला हाताने खाली उतरवलं, त्याच्या जागेवर स्वतः बसली आणि दार लावून घेतलं. तुआन लाजत लाजत लानमागून होडीत चढला. होडी सुटली. थोडं पाणी कापून ती एका चिंचोळ्या फाट्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

नूतन बसून राहिली. गाडीत उकडत होतं. काच खाली केली. पलीकडच्या गाडीतला ड्रायव्हर झोपला होता. करण्यासारखं काही नव्हतं. सामान एकदा बघितलं, सगळं जागेवर होतं. ह्यांनी असे किती दिवस काढले असतील, असं तिच्या मनात आलं आणि तिचे डोळे भरून आले. पण शंका होती तिथेच होती. गेले ना शेवटी. मी थांबते म्हटल्यावर गेले.

तेवढ्यात पाण्यावर कसला तरी आवाज झाला. तीच होडी मागे फिरून येत होती. वल्हवणारी बाई काहीतरी पुटपुटत होती, लान कपाळाला हात लावून बसली होती, तुआन होडीची कड धरून बसला होता आणि दिनाभाऊ होडीत उभे होते. होडी हलत होती तरी उभे. धक्क्याला लागण्याआधीच त्यांनी उडी टाकली, चपला चिखलात, आणि धावत गाडीपाशी आले.

"काय झालं? काय राहिलं?" नूतन घाबरून बाहेर आली.

दिनाभाऊंना धाप लागली होती. "आत दोन्ही बाजूंनी झाडं वाकलीत पाण्यावर," ते म्हणाले. "पानांतून ऊन खाली येतं. इतकं चांगलं मी काय बघितलंच नव्हतं कधी. म्हटलं, नूतन, ते बघ. वळलो तर तू नव्हतीस." त्यांनी बाहीने घाम पुसला. "कसंतरीच झालं गो मला. पुढं काय बघवेना."

आजवर न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नूतनसमोर चिखलाने भरलेल्या पायांनी उभं होतं. तिला हसू आलं आणि रडूही आलं.

"मला तीस वर्षं असंच होतंय," ती म्हणाली.

दिनाभाऊंनी गाडीचं मागचं दार उघडलं, दोन्ही पिशव्या खांद्याला अडकवल्या, लानची बॅग उचलली, तुआनचा जेवणाचा डबासुद्धा घेतला आणि सगळं नेऊन होडीत ठेवलं. लान म्हणाली, पण गाडी?

"गाडीला काय होतंय," दिनाभाऊ म्हणाले. "गाडी हाय तिथं हाय." आणि त्यांनी बायकोला हात देऊन होडीत घेतलं.