फायबरची मडगार्डं

फायबरच्या कामातल्या रेझिनचा उग्र वास आला की मला उद्यमनगरातल्या गॅरेजमधली ती दुपार आठवते. वडिलांच्या जुन्या मोटारीची मडगार्डं गंजली होती. वडील पक्के पत्र्याचे. फायबरला ते खेळणं म्हणायचे. त्यांचा आजार किती वाढलाय, हे आम्ही घरच्यांनी त्यांच्यापासून लपवलं होतं. मिस्त्री म्हणाला, "पत्रा हातानं ठोकायचा म्हंजे दिवाळी उजाडंल की, आण्णा. फायबर आठवड्यात हुतंय." वडील गंजक्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "फायबरच बसव. एकदा जोतिबाला जाऊन यायचं हाय." त्यांना सगळं ठाऊक होतं. जोतिबाला आम्ही जाऊन आलो. दिवाळी त्यांनी पाहिली नाही. मोटार अजून दारात उभी आहे, आणि त्या मडगार्डांना गंज म्हणून नाही.