सासूबाईंचा फाल्गुनातला आजार

माझ्या सासूबाई नऊ वर्षं दर फाल्गुनात अंथरुणाला खिळल्या. कागदावर. प्रत्यक्षात त्या दिवसांत त्या कमरेला पदर खोचून अंगण सारवत असत, कारण शिमग्याची पालखी घरी यायची असे.

हे खोटं का बोलावं लागे ते सांगते. लोट्याच्या एका केमिकल कंपनीत मी टाइम ऑफिसात कारकून. हजेरी आणि रजा माझ्याकडे. रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा असा नियम. सूट फक्त घरातल्या आजारपणाला. आणि पालखी कुठल्या घरी कधी येणार ते आमच्या गावचे गावकर, म्हणजे देवळाचे मानकरी, ठरवणार, फार तर दोन दिवस आधी. देव काय पंधरा दिवस आधी नोटीस काढतो? मग फाल्गुन आला की अख्ख्या कंपनीतले आईवडील, सासूसासरे आजारी पडत. मी अर्जावर शिक्का मारायची आणि वर विचारायची, "पुरण शिजलं का?" जुन्या साहेबांनाही सगळं ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक असलेलं खोटं आमच्याकडे खोटं धरत नाहीत.

सासूबाई तर आपणहून विचारायच्या, "ह्या वर्षी मला काय झालंय गो? दमा नको लिहू हां, मला शोभत नाही."

मग कंपनीत एआय आलं. त्याच्या पाठोपाठ पुण्याहून नवे साहेब आले. म्हणाले, "तुमचं काम आता हलकं होणार, मॅडम." झालंच हलकं. शेजारच्या टेबलावरचे वयस्क कारकून महिन्याभरात 'स्वेच्छेने' घरी गेले. जाताना बिचारे स्वतःचं टेबल पुसून गेले. मला ठेवलं ते सहीसाठी. यंत्राने काही निकाल दिला की त्याखाली 'माणसाने तपासले' असं छापून यायचं. तो माणूस म्हणजे मी.

जुने सगळे अर्ज स्कॅन करून मीच त्या यंत्राच्या घशात घातले. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा! पण मुलगी दापोलीला शिकत होती आणि घर माझ्या एकटीच्या नोकरीवर चाललं होतं. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

पहिल्या खेपेला यंत्राने शोध लावला की खेडच्या आसपासच्या गावांत दर फाल्गुनात रोगाची साथ येते. साथ! साहेबांनी लगेच आरोग्य शिबिर ठरवलं, गेटवर मास्क वाटले. लोक मास्क घेऊन घरी गेले आणि पालखी नाचवून परत आले. हसून हसून आमची पुरेवाट झाली. शेवटी कोणा शहाण्याने साहेबांना कोकणातला शिमगा म्हणजे काय ते समजावून सांगितलं, आणि तिथे आमचं हसू संपलं.

दुसऱ्या खेपेला साथीच्या रुग्णांची यादी खोट्या रजांची यादी झाली. कायम कामगाराला मेमो, कंत्राटी असेल तर नारळ. सर्वांत वर नाव होतं आमच्याच वाडीतल्या, पॅकिंगमधल्या एका कंत्राटी कामगाराचं. त्याचे वडील आधीची पाच वर्षं माझ्या सासूबाईंसारखेच आजारी होते. पण त्या फाल्गुनात त्यांना खरंच अर्धांगवायू झाला. मी स्वतः पेजेचा डबा घेऊन गेले होते, तोंड वाकडं झालेलं बघून आले होते. त्याने त्या वेळी डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा जोडली होती. त्यावर यंत्राचा शेरा: 'प्रथमच पुरावा जोडला आहे. संशय अधिक.'

आणि यादीत सर्वांत खाली मी. रजा सांभाळणारी बाईच खोट्या रजेवर! मला काही मेमोवर सोडलं नसतं.

यादीतून नाव काढायची सोय माझ्याच लॉगिनला होती, फक्त कारण लिहावं लागे. मी माझ्या नावापुढे 'दुबार नोंद' लिहिलं आणि नाव उडवलं. क्षणसुद्धा लागला नाही मेला! मग त्या पॅकिंगवाल्याच्या नावाशी आले. साहेबांना जाऊन सांगायला हवं होतं, की मी बघितलंय त्या म्हाताऱ्याला. पण ते विचारणार, आधीच्या पाच वर्षांचं काय? त्या अर्जांवर शिक्का कोणाचा? आणि हो, तुमच्या सासूबाई कशा आहेत आता? मी सही केली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या खिडकीशी आला. "वहिनी, तुम्ही बघितलंत ना बाबांना?"

"अरे, नाव यंत्राने यादीत घातलंय. माझ्या हातात काय आहे?"

केवढं सोपं वाक्य! पूर्वी खोटं बोलायचं तर निदान सासूबाईंना विचारून बोलायची मी. तो म्हणाला, "खरंच, तुम्ही तरी काय करणार," आणि उलट माझीच समजूत घालून गेला. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर मला झोप लागली असती.

यंदा पालखी नेमकी रविवारी आली, त्यामुळे सासूबाईंना आजारी पडावं लागलं नाही. पालखीला पुढून खांदा त्याचाच. नोकरी गेल्यापासून रजेची अडचण त्याला राहिली नव्हती. सासूबाईंनी ओटी भरली आणि गावकरांच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्या घरच्या सुनेची नोकरी आहे तशी राख. कोणाची वाकडी नजर पडली असेल तर ती दूर कर."

"व्हय महाराजा!" सगळे ओरडले. सर्वांत मोठा आवाज त्याचा होता, अगदी मनापासून.

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "तू गप का गो? तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं? बोल!"